फार्गोचं कडं

किल्ली फिरवली की आधी एक टक्,
मग खर्रर्र,
जात्यात खडा गेल्यासारखं.
आई न्हाणीतून ओरडायची, "बंद कर ते, दात शिवशिवतात!"
तिला काय माहीत, दुखणं दाताचंच होतं.

बॅटरी चांगली. अर्थची वायर खरवडून आवळली.
तरी चार वेळा गुपचूप सुरू, पाचव्याला खर्रर्र.
उचगावहून दस्तगीर मिस्त्री सायकलवरून आले,
बॉनेटला हात न लावता आधी चहा मागितला,
म्हणाले, "परत मार बघू. डोळे मिटून ऐकतो."

स्टार्टर उतरवला. पिनियनचे दात
उंदरानं कुरतडलेल्या खोबऱ्यासारखे.
"ह्यो नुसता साक्षीदार. चोर आत बसलाय."
मोकळ्या भोकात त्यांनी टॉर्च धरली,
मी पंख्याला धरून इंजिन हातानं फिरवत राहिले.
खडूच्या खुणा करत, दात मोजत
एकशे सव्वीसवर पोचलो.
झिजलेले तीनच जागी.
सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना
याच तीन जागांपैकी एकीवर येऊन थांबतं,
गेली पन्नास वर्षं,
आणि सकाळचा पहिला घाव तिथंच बसतो.
(बाबाही बाजारातून येताना
रोज त्याच तीन दारांशी थांबत.
हे मी मिस्त्रींना सांगितलं नाही.)

खडे बाजारातला दुकानदार फोनवरचा फोटो बघून
पाटीवरचा म्हैसूर राज्याचा नंबरच वाचत बसला.
गांधीनगरच्या भंगारात एक पर्किन्स होतं,
पोटात काही नसलेलं.
संकेश्वरात म्हणाले, कोल्हापूरला बघा.
कोल्हापुरात म्हणाले, हे बेळगावातच मिळणार.
परतताना ईराण्णांनी विचारलं, "हल्लु एष्टु?"
मी सांगितलं, "एकशे सव्वीस."
नाही म्हणायला मान दोन्ही भाषांत सारखीच हलते.

हत्तरगीला चहासाठी उतरले,
तर शिवक्काच्या खानावळीत
रांजणाखाली बसकण म्हणून एक लोखंडी कडं.
दातांचं. गंजलेलं, पण दात शाबूत.
मी गुडघ्यावर बसून मोजायला लागले.
"पाणी पाहिजे तर तांब्या घे की गं,
रांजणाला नमस्कार कसला?"
विकायला तयार नव्हती; सासऱ्याच्या लॉरीचं होतं.
उद्यमबागेतून तिपाई करून आणते म्हटलं,
तेव्हा कुठं म्हणाली,
"घेऊन जा. बसलं तर ठेवून घे, नाही बसलं तर आणून टाक.
रांजण तोवर विटांवर राहील."

नाही बसलं.
एकशे एकोणतीस दात, आणि आतून बोटभर सैल.

मिस्त्री ते मांडीवर घेऊन बराच वेळ गप्प.
मग आमच्याच जुन्या कड्यावर अंगठा फिरवत म्हणाले,
"एकाच अंगानं खाल्लंय बघ. पलीकडची कड कोरी हाय.
आधीच सुचाया पाहिजे होतं मला."
आणि स्वतःवरच रागावून बिडी विझवली.

छिन्नीनं कडं सोडवलं. उलटं केलं.
कोळशावर गव्हाळ रंग येईतो तापवलं,
दोन पकडींनी उचलून फ्लायव्हीलवर सोडलं,
जरासं सरकवून,
म्हणजे थांबायच्या जागी न झिजलेले दात येतील.
निवता निवता ते बारीक कुरकुरलं
आणि आवळलं.
पिनियन तेवढा नवा,
निपाणीहून लाल बसच्या कंडक्टरच्या हाती आलेला.

किल्ली. टक्.
आई न्हाणीच्या दारात कानांवर हात ठेवून उभी,
मिस्त्री डोळे मिटून.
इंजिन सुरू झालंय
हे आधी धुरानं सांगितलं.

पहिली फेरी हत्तरगीची.
मागं रिकाम्या हौद्यात नवी तिपाई,
आणि वळणावळणाला
या फळीवरून त्या फळीवर लोळणारं शिवक्काचं कडं.
तिपाई मी दोरीनं बांधली होती.
कडं मोकळंच ठेवलं.
आवाज ऐकायचा होता.